आधी आवाज, मग श्वास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलांच्या संध्याकाळच्या योगवर्गाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. अर्थ न कळता मुलांकडून श्लोक आणि ओंकार म्हणवून घेणं ही पोपटपंची आहे. वाढत्या वयात प्राणायाम धोक्याचा. ओंकाराने स्मरणशक्ती वाढते असं मी लिहिलं, त्याला पुरावा काय? आणि योगाच्या आडून धर्म शिकवला जातो, तेव्हा आसनं ठेवा, मंत्र काढा. शेवटी तुम्ही लिहिलंत, 'मी शाळेत विज्ञान शिकवतो, दोन मुलांचा बाप आहे, म्हणून राहवलं नाही.' राहवलं नाही हे चांगलंच झालं. गेले चार दिवस तुमचं लिहिणं डोक्यात आहे.

पुराव्याचं आधी घेते, कारण तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. 'ओंकाराच्या कंपनांनी स्मरणशक्ती वाढते' आणि 'ह्रीं म्हटल्याने घशाचे विकार जातात' ही दोन्ही वाक्यं मी ऐकीव माहितीवर लिहिली होती. अशी वाक्यं आमच्या क्षेत्रात इतक्या वेळा कानावर पडतात की तपासायचं राहून जातं. दोन्ही लेखातून काढली आहेत. आपल्याकडे तपासून बघण्याची परंपरा नाही असं मुळीच नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, ते याच हेतूने. उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) करताना पोटात काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, नळी जोडून आतला दाब मोजला. नौलीत गुदमार्गाने पाणी आत ओढलं जातं ते आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो म्हणून, हे त्यांनी दाखवून दिलं. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने एवढं केलं आहे. त्यांच्याच नावाने आम्ही आज न मोजलेल्या गोष्टी छातीठोकपणे सांगतो, याची मला खरंच लाज वाटली.

प्राणायामाच्या धोक्याबद्दल तर मी तुमच्याही पुढे जाऊन बोलेन, कारण तो धोका मी डोळ्यांनी पाहिला आहे. वर्ग सुरू केला त्या पहिल्या वर्षी मी एका शिबिरात शिकलेली कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत भराभर श्वास सोडणं, मुलांनाही शिकवायला लागले. आईवडिलांची तशी मागणीच होती. 'काकू, जरा कपालभाती घ्या ना, हा फार आळशी झालाय.' मुलांना तो खेळच वाटला, कोण जास्त करतो याची चढाओढ लागली. एके दिवशी नऊ वर्षांचा एक मुलगा साठ-सत्तर ठोके झाल्यावर गप्प झाला, ओठ पांढरे पडले, आणि म्हणाला, 'काकू, बोटांना मुंग्या आल्यात.' त्याला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, पाच मिनिटांत तो ठीक झाला. पण त्या पाच मिनिटांत माझ्या हातापायांतलं त्राण गेलं होतं. कारण तुम्हाला माहीतच असेल. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात, चक्कर येते, बोटं झिणझिणतात. त्या दिवसापासून आमच्या मुलांच्या वर्गात कपालभाती नाही, भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायची-सोडायची भस्त्रिका नाही, श्वास रोखून धरणं तर नाहीच नाही. हे काही मी नव्याने शोधलेलं शहाणपण नव्हे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात सांगितलंच आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. ज्यांनी हा प्राणायाम लिहून ठेवला, त्यांनाही त्याची धास्ती होती.

मग मुलांना श्वासाचं काही शिकवूच नये का? इथून पुढे मात्र माझं आणि तुमचं पटत नाही.

लहान मुलाला 'चार मोजेपर्यंत श्वास घे, आठ मोजेपर्यंत सोड' असं सांगून बघा. तो खांदे वर चढवतो, पोट आत ओढतो, गाल फुगवतो, आणि सगळं लक्ष आकड्यांत जातं. त्याच मुलाला मनाचे श्लोक म्हणायला लावा. हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ बोटांवर मोजा. लघु-गुरू-गुरू असे चार गण, अक्षरं बारा, मात्रा वीस. सावकाश म्हटलं तर एका ओळीला साधारण पाच सेकंद लागतात. ओळ संपल्याशिवाय श्वास घ्यायची सोय नाही, कारण मध्येच थांबलं तर चाल मोडते आणि शेजारचा पुढे निघून जातो. म्हणजे पाच सेकंद श्वास संथपणे बाहेर सोडणं, मग झटकन आत घेणं, हे त्याच्याकडून आपोआप होतं. त्याला श्वासाबद्दल एक अक्षर सांगावं लागत नाही. शांत बसलेलं सात-आठ वर्षांचं मूल मिनिटाला वीसेक श्वास घेतं. श्लोक म्हणताना तेच मूल दहा-बारांवर येतं. दोन-तीन महिन्यांनी मोठी मुलं दोन ओळी एका श्वासात म्हणायला लागतात, तेव्हा हिशोब मिनिटाला सहाच्या आसपास जातो. खांदे वर जात नाहीत, ओठ पांढरे पडत नाहीत, कुणाला चक्कर येत नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की मुलांचा प्राणायाम नाकातून नव्हे, तोंडातून सुरू होतो. आधी आवाज, त्याच्या मागून श्वास. मोजून घेतलेला श्वास पुढे, वयात आल्यावर.

हा सहाचा आकडा तुमच्या चौथ्या, योगाच्या आडून धर्म या मुद्द्यालाही लागू पडतो, म्हणून त्याबद्दल सांगते. इटलीत पाव्हिया इथले लुचियानो बर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी तेवीस निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी लोकांना 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणायला लावलं आणि कॅथलिक जपमाळेवरची लॅटिनमधली मरियेची प्रार्थनाही म्हणायला लावली. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारलेली दिसली. प्रयोग लहान आहे, माणसं प्रौढ आहेत, त्यावरून मुलांबद्दल मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण एवढं दिसतं की शरीराला शब्द कोणत्या धर्माचा याच्याशी कर्तव्य नाही, ओळ किती लांब याच्याशी आहे. गोव्यातल्या एखाद्या घरात संध्याकाळी म्हटलेला तेर्स, म्हणजे हीच जपमाळेची प्रार्थना, आणि सज्जनगडावर म्हटलेले मनाचे श्लोक छातीच्या पिंजऱ्यात एकच काम करत असतील, तर मला त्यात आनंदच आहे.

तुम्ही अमेरिकेचं उदाहरण दिलंत, तिथे शाळांनी योग घेतला आणि मंत्र सोडले. अलाबामा राज्यात १९९३ पासून सरकारी शाळांत योगावरच बंदी होती. २०२१ मध्ये ती उठली, पण आसनांपुरती. मंत्र नाही, मुद्रा नाही, 'नमस्ते' म्हणायचंही नाही, आणि पालकांची लेखी संमती हवी. त्यातली संमतीची अट मला पूर्ण मान्य आहे. आमच्याकडेही पहिल्या दिवशी पालकांशी बोलून घेते. दोन मुलींच्या आईने सांगितलं, 'ॐ नको, बाकी सगळं चालेल.' त्या दोघी भ्रामरी करतात, तोंड मिटून नुसता भुंग्यासारखा गुंजारव. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांना असं आढळलं की नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला तर नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे पंधरापट वाढतो, कारण नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली हवा खेळती राहते. (यावरून 'भ्रामरीने सायनस बरा होतो' असं कुणी लिहिलं तर मी आता त्यालाही आडवी जाईन.) आणि ज्यांना आवाजच नको त्यांच्यासाठी आनापान आहे. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेत मुलांनाही तो शिकवतात, त्यात शब्द नाही, प्रतिमा नाही, फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास. तो मला परका वाटत नाही. पण सहा वर्षांचं मूल त्यात दोन मिनिटं टिकतं आणि श्लोकात पंधरा, हा माझा रोजचा अनुभव आहे.

सूर्यनमस्काराबद्दलही तेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आमच्या याच सातारा जिल्ह्यातून नमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना ते घालायला लावले. त्यांच्या पद्धतीत 'ॐ ह्रां मित्राय नमः'पासून पुढे ह्रां, ह्रीं अशी बीजाक्षरं आहेतच. ती गाळून नमस्कार घालता येतात, पाठीचा कणा तितकाच वाकतो. मी मात्र ती ठेवते, कारण बारा नावं म्हणत घातलेल्या नमस्कारांत मुलं घाई करत नाहीत. नाव नीट म्हणून झाल्याशिवाय पुढचा नमस्कार सुरू होत नाही. नुसत्या आकड्यांवर घातले की बारा नमस्कार दोन मिनिटांत उरकतात आणि कोपरं धडाधड जमिनीवर आपटतात.

आता पोपटपंची. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि खुद्द पतंजली तुमच्या बाजूने आहेत. योगसूत्रांच्या पहिल्या पादात प्रणवाबद्दल, म्हणजे ओंकाराबद्दल, सांगून झाल्यावर ते लगेच म्हणतात, 'तज्जपस्तदर्थभावनम्'. त्याचा जप करायचा, आणि त्याच्या अर्थाची भावनाही करायची. नुसत्या जपावर ते थांबत नाहीत. तरीही मी मुलांना शब्द आधी देते, जसे पाढे आधी दिले जातात. फक्त एक नियम पाळते. मुलाने अर्थ विचारला की श्लोक तिथेच थांबवायचा. 'मोठा झालास की कळेल' हे उत्तर आमच्याकडे बंद आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवे गेले होते, समाजमंदिराच्या हॉलमध्ये एकच मेणबत्ती, आणि मुलं 'शुभं करोति' म्हणत होती. तिसरीतल्या एकाने मध्येच हात वर केला. 'काकू, शत्रुबुद्धिविनाशाय म्हणजे आपण शत्रूच्या बुद्धीचा नाश करतोय का?' सगळे थांबले. मी म्हटलं, शत्रूची बुद्धी नव्हे, शत्रुबुद्धी. कुणाला तरी शत्रू समजायची आपल्याच डोक्यातली बुद्धी, ती जाऊ दे म्हणून दिव्याला नमस्कार. तो जरा वेळ मेणबत्तीकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'म्हणजे मी त्याला क्रिकेटमध्ये घेत नाही, ती?' आणि बोट थेट समोर बसलेल्या मुलाकडे. मी हो म्हटलं. तो शब्द त्याच्या तोंडात वर्षभर तरी घोळत होता. घोळत होता म्हणून प्रश्न आला. अर्थ आधी सांगितला असता तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता. शब्द आधी का देते, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

मोठ्यांचं अगदी उलट आहे. सकाळच्या वर्गाला येणाऱ्यांना अर्थ सगळा ठाऊक असतो, आवाज निघत नाही. ओंकार म्हणायला सांगितला की साठीचे गृहस्थ इतक्या हळू म्हणतात की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. वर्षानुवर्षं त्यांनी मोठ्याने काही म्हटलेलंच नसतं. याउलट भजनी मंडळात जाणाऱ्या, वारीला जाऊन आलेल्या बायका पहिल्याच दिवशी मोकळ्या आवाजात म्हणतात आणि त्यांचा श्वासही लांब असतो. गुडघे दुखत असतील तर मी सरळ खुर्ची देते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांना कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, करू देत नाही, काचबिंदू असेल त्यांना उलटी आसनं नाहीत. आणि गोळी बंद करायचं मनात आलं तर आधी डॉक्टरांकडे जा, मग माझ्याकडे, हे दर सोमवारी सांगते.

मुलांना आवाज शरीरात कुठे वाजतो हे कळावं म्हणून आम्ही एक करतो, ते तुमच्या मुलांसोबत घरी करून बघा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने खालच्या पट्टीत 'ओ' लांबवायचा आणि शेवटी ओठ मिटून 'म्'. दुसऱ्याने डोळे मिटून फक्त सांगायचं, कुठे वाजतंय. परवा एक मुलगी ओरडलीच, 'काकू, हिच्या पाठीत फ्रिज चालू झालाय!' मग 'म्' आला तशी म्हणाली, 'आता थांबला. आता कुठे गेला?' जिच्या पाठीत तो फ्रिज होता तिने स्वतःच्या नाकाच्या हाडावर बोट ठेवलं आणि मान हलवली, इथे. अर्धा तास सगळी मुलं एकमेकांच्या पाठींना कान लावून बसली होती. आसनं त्या दिवशी झालीच नाहीत.

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून एक मनापासूनची विनंती. साताऱ्याला कधी आलात तर सहा वाजता वर्गावर या, मुलांनाही आणा. त्यांनी काही म्हणायलाच हवं असं नाही. त्यांच्या हातात एक घड्याळ द्या आणि आमच्या मुलांचे श्वास मोजू द्या, श्लोकाआधी एक मिनिट, म्हणताना एक मिनिट, नंतर एक मिनिट. वर दिलेले दहा-बाराचे आणि सहाचे आकडे मी एकटीने, शिकवता शिकवता मोजलेले आहेत. मोजणारा दुसरा कुणीतरी हवा, आणि तो माझ्या बाजूचा नसला तर उत्तमच.