घरचे आहारतज्ज्ञ व्हा, ओट्याला हात न लावता

घरादाराला पौष्टिक खायला लावणे फार सोपे आहे. अट एकच, ते रांधायचे काम आपल्याकडे नसावे. गेल्या आठवड्यात माझे दीर दोन दिवस मुक्कामाला होते. त्यांच्याकडून हे शास्त्र मी शिकले आणि आता तुम्हाला फुकट देते आहे.

सुरुवात शनिवारी रात्री साडेदहाला करावी, भांडी घासून झाल्यावर. घरच्या ग्रुपवर संदेश टाकावा, ‘उद्यापासून मैदा, साखर, तेल बंद.’ वाक्यात कर्ता घालू नये. मराठीत ही मोठी सोय आहे. बंद कोणी करायचे, त्याजागी काय करायचे, इतक्या रात्री ज्वारी कोण दळून देणार, हे वाचणारीला आपोआप समजते. आपण खाली हिरव्या पानाचे चित्र टाकून झोपावे.

पौष्टिक वस्तू नेहमी लांबून आलेली किंवा निदान पाकिटातली असावी. ज्वारीची भाकर आजी थापत होती तेव्हा लग्नाच्या बैठकीत लोक मान वर करून सांगत, ‘आमच्याकडे रोज पोळी असते.’ मग संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले, आणि तीच ज्वारी ‘मिलेट’ होऊन चकचकीत पाकिटातून परत आली. आता ती खावी. जवसाचेही तसेच. सासूबाई जवस भाजून, कुटून चटणी करतात, ते मागासलेले. आपण त्याला ‘फ्लॅक्स सीड’ म्हणावे आणि अख्खेच दुधावर भुरभुरावे. अख्खे जवस गेले तसेच्या तसे बाहेर पडते म्हणे. पडू द्यावे, फोटो तर छान येतो.

संत्री नागपूरची असली तरी रस खोक्यातलाच प्यावा. सोलत कोण बसतो?

पोरांच्या दुधात तपकिरी पावडर घालावी. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाही. पण आपण कायदा थोडाच पितो.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. तेव्हा वरण अळणी करायला लावावे. पापड, लोणचे आणि शेव मिठात धरत नाहीत.

आता मुख्य विद्या. ताट समोर आले की पहिला घास घेण्याआधी विचारायचे, ‘यात प्रोटीन किती?’

रविवारी मी ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी केली होती, संदेशाबरहुकूम. ज्यांनी ती नुसती खाल्लीच आहे त्यांच्यासाठी सांगते, पीठ मंद आचेवर भाजत उभे राहावे लागते, हात थांबला की करपले. सोबत सासूबाईंना शुगर म्हणून मुगाचे धिरडे. यांना बीपी, म्हणून कमी मिठाची वेगळी कढई. मुलाला उकडपेंडी दिसली की पोटात दुखते, म्हणून त्याचे अंडे. शेगडी दोन बर्नरची. भाऊजींनी चमचा लावला, मोबाइल काढला आणि विचारले, “वहिनी, यात प्रोटीन किती?”

मी म्हटले, “मोजलं नाही बापा. वाटीभर दही घ्या सोबत.”

“क्विनोआ ठेवत जा ना घरात.”

क्विनोआ. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. त्याच्या १०० ग्रॅममध्ये चौदाएक ग्रॅम प्रथिने. माझ्या फडताळात स्टीलच्या डब्यात जी तुरीची डाळ आहे, तिच्यात बावीसेक. हे मी सांगितलेही असते, पण धिरडे उलटायचे होते.

अर्धी वाटी उकडपेंडी टेबलावर सोडून दोघे भाऊ ‘वॉक’ला गेले. अंबाझरी तलावावर. साडेदहाला परतले. भाऊजींच्या पांढऱ्या टी-शर्टवर, पोटाच्या बरोब्बर मध्यावर, तर्रीचा, म्हणजे पोह्यांवर ओततात त्या चण्याच्या रश्शाचा, लालभडक डाग. मी काही बोलले नाही. सासूबाईच बोलल्या, “कुठचे पोहे रे?”

“कस्तुरचंद पार्काकडचे,” भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “चण्यात प्रोटीन असतं, आई.”

डाग निघाला नाही. धुवायला कोण बसले होते ते विचारू नका.

तर मंडळी, पुढचा सल्ला असा की… जाऊ द्या, नाही जमत मला. तर्री खा हो, कोण नाही म्हणते? मीही खाते, वर शेव मागून घेते. पण मी भाजत उभी राहिलेले अन्न टाकून ती खाऊन यायची आणि संध्याकाळी पुन्हा मलाच ‘कार्ब्स’ समजावून सांगायचे, हे कोणत्या तोंडाने? भाऊजी, तुमचे वजन सत्तर किलो. दर किलोला ०.८३ ग्रॅम धरले तर दिवसाला ५८ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन वेळा घट्ट वरण, भाकर, दही, संध्याकाळी मूठभर फुटाणे, यात बराचसा हिशेब भागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळा असे लिहिले आहे, आणि तुमच्या बॅगेत पावडरीचा हा एवढा मोठा डबा. मीच बॅग उचलून आत ठेवली, म्हणून माहीत.

आणि साखर ‘बंद’ म्हणे! आमच्याकडे चौघांना महिन्याला ५ किलो येते. करा भागाकार. माणशी रोज ४१ ग्रॅम, बिस्किटे आणि सॉस सोडून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ च्या आसपास असली तर बरे. त्या ४१ मधल्या कितीशा सासूबाईंच्या पोटात जातात? त्या बिनसाखरेचा पितात. हे मात्र दिवसातून चार चहा घेतात, प्रत्येकात दोन चमचे, आणि कप सोफ्यापाशीच राहतो. ते चार चहा त्यांनी उद्यापासून स्वतःच्या हाताने करावेत, साखर स्वतः मोजून घालावी. ग्रुपवर संदेश टाकावा लागणार नाही.

तुम्हाला आहारातले कळते, हे मला मान्य आहे. मलाही कळते. फरक एवढाच की मला सहाला उठावे लागते. बीपीची कढई वेगळी, शुगरचे ताट वेगळे, डाएटची वाटी वेगळी, आणि या सगळ्यांचे उरलेले एकत्र करून जी खाते तिच्या ताटात प्रोटीन किती, हे आजवर एकाने विचारले नाही. एकाने नाही!

भाऊजी, येत्या रविवारी पुन्हा येणार म्हणालात. या. सातला या, थेट ओट्यापाशी. दोन किलो तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत, आणि सांबारवडीसाठी सहा जुड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, धुऊन, बारीक चिरायचा आहे. चाकूला धार लावून ठेवते.