‘नागपूरला भूकंप होऊच शकत नाही’ : एका मेसेजचा समाचार

मे 2024 मध्ये नागपूर जिल्ह्यात अडीच रिश्टरच्या आसपासचे बारीकसे धक्के नोंदले गेले. बहुतेकांना ते कळलेही नाहीत, पण मेसेज मात्र सगळ्यांना मिळाला. आता दिल्ली हलली, नेपाळ हललं, की तोच मेसेज आपल्याकडे पुन्हा फिरायला लागतो. थोडक्यात तो असा:

पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र आहे आणि त्यावर प्लेटा, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे प्रचंड तुकडे, तरंगतात. भूकंप फक्त प्लेटांच्या कडेला होतात. नागपूर झिरो माइलवर, म्हणजे प्लेटच्या बरोब्बर मध्यावर. शहराखाली दख्खनचा एकसंध काळा पाषाण. सरकारी भूकंप-नकाशातला झोन 2, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा गट, ही तर हमीच. मे महिन्यातले धक्के कोळसा खाणींच्या सुरुंगांचे, आणि खरे असले तरी चांगलेच, त्याने जमिनीतला दाब निघून जातो. शेवटी वरकड माहिती: त्याच लाव्हामुळे आपला उन्हाळा एवढा कडक.

नागपूरला भूकंपाचा धोका गुवाहाटी, श्रीनगर किंवा भुजच्या मानाने बराच कमी आहे, हे खरं. त्यावर माझा वाद नाही. पण ‘कमी’वरून ‘शक्यच नाही’वर उडी मारायला जी कारणं दिलीत, त्यातलं एकही टिकत नाही. आणि याच उडीच्या भरवशावर नव्या लेआउटमध्ये कॉलमच्या उभ्या सळया बांधून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगांत काटकसर होते, म्हणून हा खटाटोप.

लाव्हाच्या समुद्रापासून सुरुवात करू, कारण ही समजूत शाळेतल्या रंगीत चित्रांनीच डोक्यात भरवली आहे. चित्रात कवचाखाली सगळं लाल-नारिंगी दाखवतात, मग ते वितळलेलं असणार असं मुलांना वाटलं तर नवल काय? प्रत्यक्षात खंडांखालचं कवच साधारण 35-40 किलोमीटर जाडीचं, आणि त्याखाली जवळपास 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण आहे ते घन आहे. दगडच आहे तो. काही ठिकाणी त्याचा थोडासा अंश वितळतो, तेवढंच. खरा द्रव थर त्याच्याही खाली, बाह्य गाभ्यात, आणि तोही लोखंड-निकेलचा. सुमारे 5,150 किलोमीटरच्या पुढे आतला गाभा पुन्हा घन.

तिथे कुणी जाऊन बघितलं का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही बघितलं. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, ते 12 किलोमीटरच्या थोडंसं पुढे जाऊन थांबलं. आतलं सगळं कळतं ते भूकंपाच्याच लहरींवरून. त्यातल्या दुय्यम लहरी, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या, फक्त घन पदार्थातून जातात. द्रव लागला की संपल्या. या लहरी प्रावरणातून व्यवस्थित आरपार जातात आणि बाह्य गाभ्याशी अडतात. प्रावरण लाव्हाचा समुद्र असतं, तर दूरच्या भूकंपाच्या दुय्यम लहरी आपल्या यंत्रांवर आल्याच नसत्या. या लहरी नोंदींमध्ये वेगवेगळ्या ओळखल्या रिचर्ड ओल्डहॅमने, 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना. पुढे 1906 मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावाही त्यानेच मांडला. हा माणूस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता. त्याच खात्याचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, तेव्हा हा मेसेज निदान नागपुरातून तरी फिरू नये, अशी आपली एक भाबडी अपेक्षा.

मग घन दगडावर प्लेटा सरकतात कशा? थंडीच्या दिवसांत डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर तुकडे उडतात, आणि तोच गोळा महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर हळूहळू पसरतो. वेळ दिला तर घन पदार्थही वाहतो. प्लेटच्या खालचा थर तापलेला, वितळण्याच्या जवळ आलेला घन खडक आहे, आणि तो वर्षाला काही सेंटिमीटरच्या हिशेबाने वाहतो. भारताची प्लेट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते आहे.

आता ‘मध्यावर’चं बघू. झिरो माइलचा खांब सर्वेक्षण खात्याचा, 1907 चा. तो उंची आणि अंतरं मोजण्यासाठी उभारला. त्या स्मारकातले चार घोडे आणि एक खांब यांना प्लेटची खबर नाही. भारताची प्लेट कन्याकुमारीला संपत नाही, ती हिंदी महासागराच्या तळाखाली विषुववृत्ताच्याही पलीकडे जाते. म्हणजे तिचा मध्य शोधायला निघालात तर नागपूर सोडून बरंच दक्षिणेला जावं लागेल.

तेही बाजूला ठेवू. कडेपासूनचं अंतर हीच हमी मानली तर किल्लारीचं काय? 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. तीव्रता 6.2 च्या घरातली, आणि लातूर-उस्मानाबाद भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारीपासून हिमालयाची कड हजार किलोमीटरहून लांब आहे. नागपूरपासून ती आठशेच्या आसपास. मेसेजच्या हिशेबाने किल्लारी नागपूरपेक्षा जास्त सुरक्षित ठरते!

प्लेटच्या आत भूकंप होतात त्याचं कारण अवघड नाही. उत्तरेला आशियाशी रेटारेटी चालू आहे आणि तो रेटा सबंध प्लेटमध्ये पसरतो. जिथे जुन्या जखमा आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे तुटलेले पट्टे आहेत, तिथे तो कधीतरी मोकळा होतो. आपल्या उत्तरेला नर्मदा-शोणचा पट्टा असाच आहे. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला 5.8 तीव्रतेचा धक्का बसला तो तिथलाच. दक्षिणेला गोदावरीचं खोरं, जिथे 1969 मध्ये भद्राचलमचा भूकंप झाला. आणि मेळघाटच्या पायथ्याचा गाविलगडचा भ्रंश, म्हणजे खडकातली अशीच जुनी तुटलेली रेघ, तर विदर्भातच आहे. यांपैकी एकही नागपूरच्या पोटात नाही. पण शेजार आहे, हे नाकारून कसं चालेल?

‘एकसंध काळा पाषाण’ हे वाक्य लिहिणाऱ्याने सीताबर्डीवरून पूर्वेकडे कधी नीट बघितलेलं दिसत नाही. दख्खनचा बेसॉल्ट नागपुरात संपतो. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, पश्चिमेचा भाग त्या काळ्या दगडाचा, 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा. पूर्वेला त्याच्या कितीतरी आधीचे ग्नाइस नावाचे खडक लागतात. उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म आणि त्याच्या सोबतीने कोळसा. मनसरचं मँगनीज आणखी वेगळ्या, फार जुन्या खडकांतलं. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका दिवसाच्या सहलीत एवढं दाखवता येणारी शहरं देशात थोडीच असतील, आणि आपण त्यालाच एकसंध म्हणून मोकळे होतो.

बेसॉल्टसुद्धा सलग नाही. लाव्हाचा एक थर आला, थिजला, मध्ये काळ गेला, त्यावर तळी साचली, गाळ बसला, मग पुढचा थर आला. नागपूरजवळच्या टाकळीला दोन लाव्हाथरांमधल्या अशाच गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि वनस्पतींच्या बिया दगड होऊन सापडल्या. ते 1850 च्या दशकात जगापुढे मांडलं स्टीफन हिस्लॉपने, ज्याच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे. धर्मप्रसारासाठी आलेला हा स्कॉटिश माणूस हातोडा घेऊन नागपूरभोवतालची टेकाडं धुंडाळत असे.

आणि समजा, दगड एकसंध असता तरी? किल्लारीलाही वर काळाच दगड आहे. भूकंपानंतर तिथे छिद्र पाडून पाहिलं तेव्हा बेसॉल्टची जाडी साडेतीनशे मीटरच्या आतच भरली. भूकंपाचा उगम त्याच्या खाली, काही किलोमीटर खोल, जुन्या खडकात. वरचं काळं पांघरूण खालच्या फटींना बांधून ठेवत नाही, फक्त आपल्यापासून लपवतं.

झोनची हमी. हे सगळ्यात घातक वाक्य, कारण ते सरकारी वाटतं. 2002 च्या सुधारित नकाशात नागपूर झोन 2 मध्ये आहे, इथवर खरं. पण त्या झोनमध्येही इमारतीच्या गणितात भूकंपाचा आडवा जोर धरावाच लागतो. शून्य धरा असं तो नकाशा कुठेच म्हणत नाही. आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याला माहीत नसावी. 1993 मध्ये किल्लारी झोन 1 मध्ये होती, म्हणजे तेव्हाच्या नकाशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या भागात. 2002 मध्ये झोन 1 काढूनच टाकला.

सुरुंगांबद्दल फार लिहीत नाही. खाणकामाने बारीक धक्के बसू शकतात, ते नोंदींवरून तपासताही येतं. पण ते सुरुंगांचे निघाले, तरी त्यावरून खरा भूकंप अशक्य कसा ठरतो?

दाब निघून जातो हे मात्र हिशेबानेच मोडावं. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. किल्लारीएवढी ऊर्जा अडीचच्या धक्क्यांनी हप्त्याहप्त्याने काढायची म्हटली, तर साडेतीन लाखांच्या आसपास धक्के लागतील. आपल्याकडे दोन-चार बसले आणि लोक निश्चिंत झाले.

उन्हाळ्याचं तर अगदीच सोपं. जमिनीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला एका वॉटच्या दहाव्या भागाहून कमी. मे महिन्यात दुपारी बाराला ऊन देतं ते नऊशे-हजार वॉटच्या घरात. शिवाय हा लाव्हा हिवाळ्यात कुठे जातो? 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश नोंदलं गेलं होतं. उन्हाळा कडक आहे तो समुद्र लांब, आभाळ निरभ्र आणि वारे कोरडे म्हणून.

आता मूळ मुद्दा, घरांचा. किल्लारीत माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली दबून. 2001 मध्ये भुजचा भूकंप झाला तेव्हा दोनशेवर किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या बऱ्याच, खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा होत्या. जबलपूर ते नागपूर हे अंतर साधारण तेवढंच आहे. जबलपूरचा धक्का भुजच्या मानाने फारच लहान होता, हे सांगायलाच हवं. पण असलीच पार्किंगवाली इमारत आपल्याकडे दर दुसऱ्या लेआउटमध्ये उभी राहते आहे.

पश्चिम नागपुरात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. त्यांचा भूकंपाशी संबंध नाही. पण पाया मातीतच ठेवला की मुरमापर्यंत नेला, हे ठेकेदाराला विचारायचं निमित्त म्हणून त्या उपयोगी आहेत. त्याच फेरीत कॉलमची उभी सळई बघून घ्यावी: रिंगा किती अंतरावर आहेत, आणि त्यांची टोकं काटकोनात सोडलीत की कॉलमच्या आत वळवून अडकवलीत. काँक्रीट ओतल्यावर हे दिसत नाही. ‘साहेब, नागपूरला कुठे भूकंप होतो’ असं उत्तर आलं, तर काम तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला साइटवर बोलवावं.