वाशिष्ठीतली मगर समुद्रातून आलेली नाही

पाऊस सुरू झाला की चिपळूणला, वाशिष्ठी नदीच्या काठी, आमच्या ग्रुपवर एक मेसेज व्हिडिओसकट फिरायला लागतो: 'वाशिष्ठीत समुद्रातून नरभक्षक मगरी घुसल्यात. जबडा उघडून टपून बसतात, स्वतःची पिल्लंही खातात. पुराबरोबर माणसं धरायला गावात शिरतात. दिसली की ठेचा!' ते शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना.

समुद्रात फिरणारी खाऱ्या पाण्यातली मगर भारतात आहे ती ओडिशाच्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारला. आपल्या वाशिष्ठीत, सावित्रीत आहे ती गोड्या पाण्यातली. भरतीचं मचूळ पाणी तिला चालतं, म्हणून ती खाडीतही दिसते. मेसेजमधला व्हिडिओ थांबवून बघा. डोक्याच्या लगेच मागे, मानेवर, चार ठसठशीत खवले उठून दिसतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरीला ते सहसा नसतात.

आता जबडा. थंडीत ओहोटीला चिखल उघडा पडला की मगरी त्यावर ऊन खात पडतात. मी पलीकडच्या काठावरून पाहिलंय: आधी तोंड मिटलेलं, ऊन चढलं तसा जबडा उघडत गेला आणि तसाच राहिला. शेजारी बगळा निवांत उभा. अंग जास्त तापू नये म्हणून ती तोंड उघडते, एवढंच. शिकारीला बसलेली मगर पाण्यात असते, फक्त डोळे आणि नाकपुड्या वर. सावध राहायचं ते तिच्यापासून.

पिल्लं खाते म्हणून जो व्हिडिओ दाखवतात, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि आसपास राखण करते. दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्याच्या आतूनच ओरडायला लागतात. तो आवाज ऐकून ती माती उकरते, न फुटलेलं अंडं तोंडात धरून अलगद दाबते, आणि पिल्लं जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. व्हिडिओत दिसतं ते हेच. आईच्या तोंडातून बाहेर डोकावणारी वीतभर पिल्लं!

पुराचं म्हणाल तर जून २०२४ मध्ये चिपळूणच्या रस्त्यावर रात्री फिरणारी मगर सगळ्यांनी पाहिली. पाणी चढलं, प्रवाहाला जोर आला की ती कडेला सरकते, आणि आपली कड म्हणजे बाजारपेठ. कोंबड्यांच्या दुकानातली घाण नदीत टाकली तर ती तिथेच घुटमळणार, हेही खरं.

मगर माणसावर हल्ला करत नाही असं मी म्हणणार नाही. करते, विशेषतः पाण्याच्या कडेला आणि अंड्यांजवळ. म्हणून अंधार पडल्यावर कपडे-भांडी घेऊन नदीवर उतरू नये, पोरांना डोहाकडे सोडू नये. पण ठेचायला निघालात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने किमान तीन वर्षं कैद आहे. वस्तीत मगर दिसली तर लांब उभे राहा, कुत्री आवरा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करा.