क्लाउडवर साइट टाकली की निश्चिंत? अजिबात नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: साइट क्लाउडवर (मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर) टाका आणि निश्चिंत व्हा, ती कधी डाउन होत नाही, बॅकअप आपोआप होतो, ट्रॅफिक वाढलं की सर्व्हर वाढतात, सिक्युरिटी कंपनी बघते आणि पैसे वापराएवढेच. हे वाचून लोक खरंच साइट हलवतात आणि मग अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

डाउन होत नाही? २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एस३ या फाइल्स साठवणाऱ्या सेवेवर काम करताना एका कमांडमध्ये चुकीचा इनपुट गेला, ठरवलेल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि कितीतरी साइट्स काही तास बंद पडल्या. त्यांचा स्वतःचा स्टेटस डॅशबोर्डही (कुठली सेवा चालू, कुठली बंद ते दाखवणारं पान) एस३ वरच अवलंबून, त्यामुळे तोही अपडेट करता येईना. ९९.९ टक्के अपटाइमची (साइट चालू राहण्याची) हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहिली तरी ते नियमात बसतं, त्यापुढे गेलं तर बिलात थोडं क्रेडिट मिळतं, बाकी नुकसान तुमचंच.

बॅकअपबद्दलची थाप सगळ्यात घातक आहे. मार्च २०२१ मध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली आणि ज्यांचा दुसरीकडे बॅकअप नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) बहुतेक ठिकाणी आपणच चालू करायचा असतो, आणि तो त्याच अकाउंटमध्ये पडून असेल तर अकाउंट हॅक झालं की साइटही गेली नि बॅकअपही. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) रोज काढा, दुसऱ्या कंपनीकडे ठेवा, आणि कोऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून साइट उघडते का ते बघाच.

सर्व्हर वाढतात, पण ते सेट केलं असेल तर, आणि साइट तशी बांधलेली असेल तर. साधी वर्डप्रेस साइट घ्या, अपलोड केलेले फोटो त्या एकाच सर्व्हरच्या डिस्कवर असतात. दुसरा सर्व्हर उभा राहिला की त्याच्याकडे ते नसतातच, मग एकदा रिफ्रेश केलं की फोटो दिसतो, परत केलं की गायब, आणि गर्दी ओसरून तो जादा सर्व्हर बंद झाला की मधल्या वेळात त्यावर चढवलेलं सगळं त्याच्याबरोबर पुसलं जातं. स्वस्तातल्या सर्व्हरची तर वेगळीच तऱ्हा, टी२ मायक्रो या अ‍ॅमेझॉनच्या छोट्या सर्व्हरला सतत वापरायला सीपीयूचा १० टक्केच भाग मिळतो, वरचं सगळं कमी वापराच्या वेळी साठलेल्या सीपीयू क्रेडिटवर, ते संपले की ऐन गर्दीत साइट रांगायला लागते.

सिक्युरिटी: इमारत, हार्डवेअर त्यांचं. अपडेट, पासवर्ड, उघडे राहिलेले पोर्ट (सर्व्हरमध्ये शिरायच्या वाटा) आपले.

आणि पैसे. सर्व्हर बंद ठेवला तरी डिस्कचं मीटर चालूच, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे, १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे, म्हणजे प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ अ‍ॅड्रेसचे तासावर पैसे घेतं. एखाद्या बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) मोठी फाइल रात्रभर खेचली तर तोही "वापर" तुमचाच धरतात, आणि साधा बजेट अलर्ट नुसता मेल पाठवतो, तोही उशिरा येऊ शकतो, खर्च काही थांबवत नाही. म्हणून मोठ्या फाइल्सपुढे सीडीएन (फाइल्सच्या प्रती ठेवून त्या स्वतः देणारी सेवा) आणि रेट लिमिट (एकाने किती वेळा मागायचं यावर मर्यादा) पहिल्याच दिवशी लावा.