खुलासा : मानसिक उपचारांसाठी दाखल झालेला माणूस अडकून पडत नाही

‘मनोरुग्णालयात एकदा नाव लागलं की सुटका नाही, मेडिक्लेमही मिळत नाही’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार स्वतःहून दाखल झालेला प्रौढ रुग्ण घरी जाऊ द्या म्हणू शकतो. तपासणीसाठी डॉक्टर त्याला फार तर २४ तास थांबवू शकतात. नातेवाइकांच्या अर्जावरून झालेला प्रवेशही सुरुवातीला ३० दिवसांपुरताच. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. आणि दरवेळी रत्नागिरीचं मनोरुग्णालय गाठायची गरज नाही, कोल्हापुरातल्या आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक रुग्ण उपचारांविनाच असल्याचं दिसलं होतं. घाबरलेल्या घरांना असे मेसेज आणखी मागे ओढतात, म्हणून कृपया पुढे पाठवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं.