आधी बातमी, मग मी

लहान गावात वाढलेल्या माणसाला एकांतात पडण्याचे सुख मिळत नाही, हे ज्ञान मला वयाच्या नवव्या वर्षी वडिलांच्या सायकलने दिले. तिची चाके 28 इंचांची होती आणि सीट माझ्या हनुवटीला लागत असे. त्यामुळे दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालून, कंबरेत वाकडे होऊन, अर्धे अर्धे पायडल मारणे एवढाच मार्ग माझ्यापुढे होता. जर्मनीच्या कार्ल ड्राइस यांनी 1817 साली बनवलेल्या दुचाकीला पायडलच नव्हते. जमिनीवर पाय मारत ती पुढे न्यायची असे. त्या सद्गृहस्थांना माझी काळजी होती, ती पुढच्या सुधारकांना राहिली नाही.

मार्गदर्शकांचा मात्र तोटा नव्हता. ज्यांना स्वतःला सायकल येत नव्हती, ते तर अधिकच पोटतिडकीने शिकवत. ‘हँडल घट्ट धर’ आणि ‘हँडल सैल सोड’ या दोन्ही सूचना मी एकाच वेळी पाळत असे. तोल डावीकडे गेला की हँडलही किंचित डावीकडेच वळवावे, म्हणजे चाके कलत्या अंगाखाली येतात, हे शास्त्र मला फार उशिरा कळले. त्या काळी मी संकटाकडे पाठ फिरवून हँडल उजवीकडे वळवी आणि डावीकडे आडवा होई.

एका दुपारी मी कोणाच्याही मदतीविना चांगला पन्नास पावले गेलो. रस्ता रुंद होता, मोकळा होता आणि त्याच्या कडेला विजेचा एकच खांब होता. खांबाजवळ आमचे गुरुजी उभे होते. ‘खांबाला धडकायचे नाही’ असे मनाशी बजावत मी त्या खांबाकडे इतक्या एकाग्रतेने पाहत राहिलो की सायकलनेही दुसरीकडे जाण्याचा विचार केला नाही. गुरुजी चपळाईने बाजूला झाले. खांबाला ते जमले नाही. विजारीचा उजवा पाय चेनमध्ये अडकल्यामुळे पडल्यावर पळूनही जाता येईना. गुरुजींनीच चाक उलटे फिरवून ती काळी, दातेरी नक्षी उमटलेली विजार सोडवली.

मी मागच्या बोळाने लंगडत घरी निघालो, तरी वाटेत चौघांनी गुडघ्याची चौकशी केली. दारात आई उभीच होती. तिने गुडघ्याकडे पाहिलेही नाही.

“गुरुजींचा पाय मोडलास म्हणे?”

माझ्या खुलाशावर कोणाचाही विश्वास बसला नाही. संध्याकाळी स्वतः गुरुजीच दोन्ही पायांनी चालत आमच्याकडे आले. माझी विचारपूस हे निमित्त होते. त्यांच्या मोडलेल्या पायाला भेटायला येणाऱ्यांची दुपारपासून रीघ लागल्यामुळे त्यांना घरात बसणे अशक्य झाले होते.