सुनक, हुजूर पक्ष आणि लोकांचा राग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुलै २०२४ च्या निवडणुकीत ब्रिटनमधल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या झालेल्या पराभवावरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कोविड आणि युक्रेनच्या युद्धामुळे महागाई जगभर वाढली, तिचं खापर एकाच पक्षावर फोडणं अन्यायाचं आहे. आधीच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी घातलेला गोंधळ ऋषी सुनक यांनी निस्तरला आणि शिक्षा मात्र त्यांनाच झाली. भारतीय वंशाचा पहिला पंतप्रधान पडला, तर एका मराठी बाईने 'बरं झालं' म्हणावं याचं तुम्हाला वाईट वाटलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की ज्या देशाची मी नागरिक नाही, तिथल्या राजकारणात मला एवढा रस कशाला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इथे कायदेशीररीत्या राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. ४ जुलै २०२४ ला मी रेडिंगमधल्या मतदान केंद्रावर माझा भारतीय पासपोर्ट दाखवून मत दिलं. इथे कर भरते, घराचे हप्ते भरते, मुलं इथल्या सरकारी शाळेत जातात. रस आहे तो त्यामुळे.

आता महागाई. तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथला महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला, त्यात गॅसच्या भडकलेल्या किमतींचा वाटा मोठा होता. बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर वाढवायला सुरुवात केली होती ती डिसेंबर २०२१ पासूनच. तेवढ्यासाठी लोकांनी कुठल्याही सरकारला कदाचित माफ केलं असतं. पण २३ सप्टेंबर २०२२ चं काय?

त्या दिवशी ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून आणणार, याचा हिशेब दिला नाही. सरकारच्या जमाखर्चाचा अंदाज बांधणारी स्वतंत्र संस्था आहे, तिचा अंदाज प्रसिद्धच केला नाही. अर्थखात्याचे सर्वांत वरिष्ठ सचिव टॉम स्कॉलर यांना दोनच आठवड्यांपूर्वी काढून टाकलं होतं. म्हणजे 'थांबा, जरा विचार करा' असं सांगणारं जे कोणी होतं, ते आधीच बाजूला सारलेलं. सोमवारी पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकाला गेला. सरकारी रोख्यांच्या किमती कोसळल्या, त्या रोख्यांवर उभे असलेले पेन्शन फंड अडचणीत आले. किमती घसरल्याने वाढवून मागितलेलं तारण भरायला रोकड हवी म्हणून त्यांनी आणखी रोखे विकायला काढले, आणि किमती आणखी खाली गेल्या. अखेर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडला ६५ अब्ज पौंडांपर्यंतचे रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागली. हे युक्रेनमुळे झालं नाही. पाच दिवसांत, स्वतःच्या हाताने केलं.

आमच्या गृहकर्जाच्या ठरावीक व्याजदराची मुदत त्याच सुमाराला संपत होती. कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने सकाळी सांगितलेला दर संध्याकाळपर्यंत बाजारात उरत नव्हता. कर्ज देणाऱ्या संस्था योजनाच मागे घेत होत्या. दोन लाख पौंडांचं, पंचवीस वर्षांचं कर्ज धरा. दोन टक्क्यांनी हप्ता महिन्याला साधारण ८४८ पौंड येतो, सहा टक्क्यांनी १,२८९. दरमहा ४४१ पौंड जादा. दर थोडे वाढणारच होते, हे मला मान्य आहे. पण त्या आठवड्यातली धडकी सरकारने दिलेली होती, आणि ज्यांनी ती सोसली ते मतपेटीपाशी ती विसरले नाहीत. ट्रस स्वतः साउथ वेस्ट नॉरफोक या आपल्या मतदारसंघातून हरल्या, त्या उगीच नाही.

माझा मूळ मुद्दा इथेच आहे आणि लेखात तो पुरेसा खुलला नव्हता असं दिसतं. हुजूर पक्ष पिढ्यान्‌पिढ्या एका भरवशावर मतं मागत आला : आम्ही फार मोठी स्वप्नं दाखवत नाही, पण कारभार आमच्या हाती सुरक्षित राहील. लोक त्याच्यावर रागावले, कारण त्याने नेमका तोच भरवसा मोडला. उजवं-डावं हा वाद बहुतेकांच्या डोक्यातही नव्हता. माझ्या शेजारचे आजोबा आयुष्यभर हुजूर पक्षाचे मतदार. त्यांना विचारधारा बदलायची नव्हती. त्यांना डॉक्टरची वेळ हवी होती, आणि देश कोण चालवतंय हे कळायला हवं होतं.

या मोडतोडीची सुरुवात ट्रस यांच्या आधीची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, मतदानात विरोधात गेले म्हणून तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढलं. त्यात केनेथ क्लार्क आणि फिलिप हॅमंड हे दोन माजी अर्थमंत्री होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. काहींना नंतर परत घेतलं, पण संदेश सगळ्यांना कळला : अनुभवापेक्षा निष्ठा मोठी. त्याच महिन्यात, संसद तहकूब करण्याचा त्यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. डिसेंबरमध्ये लोकांनी त्याच पक्षाला बाकी सगळ्यांपेक्षा ८० जागा जास्त असं बहुमत दिलं. लोकांनी संधी दिली नाही, असं कुणी म्हणूच शकत नाही.

त्या बहुमताचं काय केलं? एकट्या २०२२ मध्ये पाच शिक्षणमंत्री झाले. त्यातल्या मिशेल डोनेलन दोन दिवसांत राजीनामा देऊन गेल्या. अर्थमंत्री चार. पुढच्याच वर्षी, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, सुट्टी संपून शाळा उघडायच्या तोंडावर शंभरावर शाळांना सांगण्यात आलं, की तुमच्या इमारतीतलं हलकं काँक्रीट केव्हाही कोसळू शकतं, तो भाग बंद करा. ते छत काही एका रात्रीत कच्चं झालं नव्हतं. पण खात्याचा मंत्री फाइल उघडून वाचेपर्यंत टिकतच नसेल, तर छताकडे बघणार कोण? पक्षातल्या भांडणांशी सामान्य माणसाचा काय संबंध, असं तुम्ही लिहिलंत. संबंध हा असा येतो, थेट पोराच्या वर्गाच्या छतापर्यंत.

टाळेबंदीतल्या पार्ट्यांचा उल्लेख तुम्हाला 'किरकोळ' वाटला. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. २० मे २०२० ला, घराबाहेर दुसऱ्या घरातल्या एकाच माणसाला भेटायची मुभा असताना, पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या बागेत कर्मचाऱ्यांना 'आपापलं मद्य घेऊन या' असं निमंत्रण गेलं होतं. १६ एप्रिल २०२१ च्या रात्री तिथे निरोपाच्या पार्ट्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी राणी एलिझाबेथ आपल्या पतीच्या अंत्यविधीला नियम पाळून एकट्या बसल्या. त्याच एप्रिलमध्ये भारत ब्रिटनच्या प्रवासाच्या लाल यादीत गेला, म्हणजे तिथून इथे परत येणं फार कठीण झालं. माझे काका सांगलीत गेले, तेव्हा आम्ही त्यांचं शेवटचं दर्शन मोबाईलच्या पडद्यावर घेतलं. अशी घरं आमच्या ओळखीत कितीतरी आहेत. पुढे पोलिसांनी या प्रकरणात १२६ दंड केले, त्यातला एक पंतप्रधान जॉन्सन यांना आणि एक तेव्हा अर्थमंत्री असलेल्या सुनक यांना. ज्यांनी नियम केले त्यांनीच ते मोडले, हे माणूस आपल्या मेलेल्या माणसाच्या आठवणीसोबत लक्षात ठेवतो.

आता सुनक. २४ ऑक्टोबर २०२२ ला त्यांची निवड झाली, त्या दिवशी दिवाळी होती, आणि आमच्याही घरी आनंद झाला. त्यांनी बाजार शांत केला, महागाई निम्म्यावर आणण्याचा शब्द पाळला. हे श्रेय त्यांचंच. पण रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या कमी करण्याचा शब्दही त्यांनी दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडची यादी सुमारे ७२ लाखांची होती, सप्टेंबरपर्यंत ती ७७ लाखांवर गेली. मँचेस्टरपर्यंतची वेगवान रेल्वे रद्द केल्याची घोषणा त्यांनी मँचेस्टरमध्येच उभं राहून केली. ६ जून २०२४ ला दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं, त्याच्या ऐंशीव्या स्मृतिदिनाचा सोहळा अर्धवट सोडून ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. वयस्कर निष्ठावंत मतदार त्या दिवशी किती दुखावले, ते मी शेजारीच पाहिलं.

आणि 'आपला माणूस' म्हणाल, तर त्यांच्याच सरकारने व्हिसावर येणाऱ्यांचा आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) माणशी वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंडांवर नेला, मुलांसाठी ७७६ वर. नवरा-बायको आणि दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा : १०,८६६ पौंड, तेही आगाऊ आणि व्हिसाची फी वेगळी. ही माणसं पगारातून कर भरतात तो निराळाच. पुण्याहून, नाशिकहून आलेल्या कितीतरी घरांनी हे पैसे उसने काढून भरले आहेत. वंशाचा अभिमान मलाही आहे, पण मत देताना मी हेही बघणार.

भारतीय वंशाच्या मतदारांनी पाठ फिरवली, हे मात्र तुम्ही सरसकट लिहिलंत. लेस्टर ईस्ट मतदारसंघात शिवानी राजा हुजूर पक्षाकडून निवडून आल्या, आणि त्या निवडणुकीत पक्षाने दुसऱ्यांकडून मिळवलेली ती एकमेव जागा. मात्र देशभरात मिळून पक्ष १२१ जागांवर घसरला, त्याच्या इतिहासातला हा नीचांक.

आता सत्तेवर आलेला मजूर (लेबर) पक्ष तरी काय दिवे लावणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ४११ जागा त्यांना मिळाल्या त्या ३३.७ टक्के मतांवर. ही लाट त्यांच्या प्रेमाची नव्हतीच. आल्या आल्या त्यांनी बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला, आणि वर्षभरात तो निर्णय त्यांना बराचसा मागे घ्यावा लागला. त्यावर लिहायला घेतलं आहे. शेजारचे आजोबा त्या भत्त्यावर अवलंबून होते, त्यांच्याशी बोलून झालं आहे. पुढच्या आठवड्यात लेख टाकते, तुमची प्रतिक्रिया तिथेही अशीच सविस्तर येऊ द्या.